सहाव्या पाकळीची फट

रविवारी सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या मुक्ताई लॉन्सवर चारशे माणसं मांडी घालून बसली होती आणि चारशेच्या चारशे जण दोऱ्याला टांगलेल्या एका काचेच्या गोट्याकडे डोळे लावून होते. दोरा एका मुलीच्या चिमटीत होता. गोट्याखाली तांब्याची वीतभर चकती होती आणि चकतीवर सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं होतं. मुलीचा हात अगदी स्थिर. तरी गोटा आधी थरथरला, मग डुलला आणि मग फुलावर गोल गोल फिरायला लागला.

"हलवतंय कोणी?" व्यासपीठावरून रविराजजींनी विचारलं. "पंखे बंद आहेत. मी चार हात लांब उभा आहे. बघा, डोळे भरून बघा!"

मग फुलाची चकती काढून तिथे कोरी चकती ठेवली. गोटा घुटमळला आणि झोपाळ्यासारखा पुढेमागे झुलू लागला. सगळ्या मंडपातून एकच 'आ' निघाला.

"मित्रांनो, ही डिझाईन नाही, ही फ्रीक्वेन्सी आहे. तुमचा लॅपटॉप वाय-फाय पकडतो तेव्हा वायर दिसते? नाही ना? मग इथे कशाला शोधता? हे षड्दल महायंत्र म्हणजे विश्वाचा राउटर. माझ्या एका साधकाने ते वाकडला उशीखाली ठेवलं आणि न्यू जर्सीत त्याच्या मुलाची पाठदुखी थांबली! बाराशे वर्षांपूर्वी हिमालयातल्या सिद्धांनी हे पहिल्यांदा डाउनलोड केलं."

वाय-फाय कसं चालतं हे ज्यांना नीट ठाऊक होतं, त्यांनीच टाळ्यांना सुरुवात केली. पण त्यांना तरी हसायचं कशाला? दोन हजार नऊ साल होतं, मंदी होती. शुक्रवारी चालणारं ओळखपत्र सोमवारी कंपनीच्या गेटवर चालेल याची खात्री कुणालाच नव्हती. अशा दिवसांत शिकलासवरलेला माणूस रविवारी सकाळी गोट्याकडेही बघत बसतो.

शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले बाळकाका मात्र गोट्याकडे बघत नव्हते. ते दोरा धरणाऱ्या मुलीकडे बघत होते, कारण ती त्यांची मुलगी होती, नोकरीसाठी इकडेच खोली घेऊन राहणारी. ऋतिका. "बाबा, रविवारी एका कार्यक्रमाला या, सरप्राइज आहे," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. कसबा पेठेतून दोन बस बदलून बाळकाका आले होते, आणि सरप्राइज चांगलंच झालं होतं.

दुसरं सरप्राइज ती चकती, व्यासपीठामागच्या पडद्यावर परातीएवढी दिसणारी. फुलाच्या सहाव्या पाकळीचं टोक पहिल्या पाकळीपर्यंत पोचत नव्हतं, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट होती. रविराजजींच्या म्हणण्याप्रमाणे ते 'ऊर्जाद्वार' होतं. बाळकाकांच्या माहितीप्रमाणे ती त्यांनी स्वतः वयाच्या बाराव्या वर्षी केलेली चूक होती.

झालं होतं असं. बाळकाका पिढीजात तांबट. त्यांच्या आळीत शिकाऊ पोराच्या हातात पहिल्या दिवशी हातोडा देत नाहीत, कैवार देतात. कैवार म्हणजे लोखंडी, दणकट कंपास. टाकाऊ पत्र्यावर वर्तुळ काढायचं आणि कैवाराचं अंतर न बदलता तोच वर्तुळाच्या कडेवर टाकत जायचा. बरोबर सहाव्या टप्प्याला माणूस निघाल्या जागी परत येतो. प्रत्येक टप्प्यावरून एक कमान ओढली की फूल आपसूक उमटतं. हे फूल पूजेसाठी काढत नाहीत. भांड्याच्या बुडाचे सहा सारखे भाग पडले की मठाराचे ठोके ओळीत बसतात, ठोके बसले की भांडं टणक होतं, आणि शेवटी उजाळा देताना फूल पुसलं जातं. कैवाराचा खिळा सैल असला तर मात्र दर टप्प्याला त्याचा पाय केसभर आत सरकतो आणि सहाव्या टप्प्याला हिशेब उघडा पडतो. लहानग्या बाळचा खिळा सैल होता. वडिलांनी फट बघितली, कानाखाली एक ठेवून दिली आणि चकती कोपऱ्यात भिरकावली.

पन्नास वर्षांनी कारखाना आवरताना ती भंगाराबरोबर जुन्या बाजारात गेली, आणि काही महिन्यांनी एक माणूस तीच चकती रेशमी फडक्यात गुंडाळून बाळकाकांकडेच घेऊन आला. "गुरुजींचं सिद्ध यंत्र आहे, लोकांना द्यायला अश्शीच्या अश्शी बनवून हव्यात. आणि ही फट आहे ना, ती बुजवायची नाही." बाळकाकांनी चकती उलटी केली. मागे त्यांनीच लहानपणी खूण म्हणून ठोकलेली तीन टिंबं होती. त्यांनी हसू दाबलं आणि काम घेतलं. स्टील आणि प्लॅस्टिकने तांब्याचं कंबरडं मोडलं होतं, आळीतले पाच हातोडे बंद पडायच्या बेतात होते. चूक एकदा करायला सोपी असते, पण तीच चूक चार हजार वेळा तंतोतंत करायची म्हणजे कसब लागतं. बाळकाकांनी ते लावलं. गिऱ्हाइकाने नेलेल्या थाळीत तो श्रीखंड वाढतो की राख, हे तांबटाने विचारायचं नसतं, अशी त्यांनी दोन वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

कार्यक्रम संपला. ऋतिका बापाला घेऊन वाहनतळावर आली, नव्याकोऱ्या स्कूटरला किल्ली लावली आणि म्हणाली, "बसा मागे!"

ऋतिकाला एकोणिसाव्या वर्षापासून फिट यायची. उभ्या उभ्या कोसळायची. वर्षातून दोनदा. गोळ्या सुरू झाल्यापासून तीन वर्षं एकही आली नव्हती, पण गाडी चालवायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती.

"डॉक्टर हो म्हणाले?"

"डॉक्टरांचा काय संबंध? गोळ्याच बंद केल्यात. सव्वा महिना झाला, काऽही झालं नाही. हे खरं सरप्राइज!" तिचा चेहरा फुलला होता. "महायंत्र उशीखाली ठेवते, बस्स."

"अगं, ते महायंत्र मी बनवतो! आपल्या आळीत! ती फट म्हणजे माझी चूक आहे, लहानपणची!"

ऋतिकाने समजूतदारपणे मान हलवली, लहान मुलाला समजावताना हलवतात तशी. "असेल ना. बनवणारा कोणीतरी लागतोच. सिम कार्डही कुठल्यातरी कारखान्यातच बनतं, बाबा. नेटवर्क गुरुजींचं असतं. चार्ज ते करतात."

ती खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "मागची दोन स्थळं 'गोळ्या' शब्द ऐकून चहा टाकून उठली होती, आठवतंय? परवाच्या माणसाला मी सरळ सांगितलं, गोळ्या नाहीत. इतकं हलकं वाटलं मला."

बाळकाकांना तिचा राग यायला हवा होता. त्यांना नुसतं भरून आलं. आणि त्याहून जास्त भीती वाटली. वळणावर, सिग्नलला, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मध्ये हिचा हात एकदा ताठ झाला की संपलं. त्यांनी हात जोडले. शेवटी सौदा ठरला. गोळ्यांचा विषय ती ऐकूनही घेईना, पण पुढच्या रविवारपर्यंत ऋतिका कंपनीच्या बसने जाईल. बदल्यात बाबांनी पुढच्या रविवारी पुन्हा यायचं आणि मोकळ्या मनाने यायचं.

घरी न जाता बाळकाका थेट प्रेमलाबाईंच्या दारात गेले. बाईंनी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली होती. ऋतिकाही त्यांच्याच हाताखालची. त्या दहा वर्षांच्या असताना, छप्पन साली, वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले यच्चयावत ताईत एका पिशवीत भरून मुठा नदीत सोडून दिले. तेव्हापासून गळ्यात बांधायच्या आणि उशीखाली ठेवायच्या वस्तूंशी बाईंचं वैर होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रेघ कामाची असते तोवर तिच्या कोणी पाया पडत नाही, बाळासाहेब. गवंडी चौकोन आखतो, सुतार चांदणी आखतो, तुम्ही फूल काढता. काम संपतं, माणूस जातो, रेघ मागे राहते. नंतर येणाऱ्याला ती कशी आली हे माहीत नसतं. इतकं नेमकं, इतकं सुंदर आपोआप कसं होईल? मग तो ठरवतो, कोणीतरी वरून पाठवलं. नऊ घरांचा तो आकड्यांचा चौकोन नाही का, कुठूनही बेरीज पंधरा? मी तो सातवीला कोडं म्हणून घालायचे. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने गल्ल्यावर चिकटवलाय."

"ते ठीक आहे हो. पण गोटा फिरतो! पोरीचा हात हलत नव्हता, मी बघितलं."

"हलत होता. तिलाही माहीत नाही, तुम्हालाही दिसला नाही. रविवारी येते मी. तुमचा कैवार घ्या, आणि पाण्याच्या पिंपावरची एखादी सपाट झाकणी घ्या."

पुढच्या रविवारी मंडपात गर्दी वाढली होती. लॉन्सचे मालक हिंमतराव स्वतः दारात उभे राहून गंध लावत होते. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हा मंडप घातला आणि रविराजजींना तो रविवारी फुकट दिला होता. शंकासमाधानाची वेळ आली तसे बाळकाका उठले. ऋतिकाने कौतुकाने माइक त्यांच्या हातात दिला. "माझे बाबा!"

बाळकाकांना भाषण येत नव्हतं. त्यांनी व्यासपीठावर बैठक मारली, पिशवीतून कोरी चकती काढली, कैवाराचा खिळा सगळ्यांना दिसेल असा सैल केला आणि दोन मिनिटांत महायंत्र काढून दाखवलं. फटीसकट.

"हे ऊर्जाद्वार नाही. हा सैल खिळा आहे," ते म्हणाले. "हिमालय मी बघितलेला नाही. तुमच्या घरातली सगळी यंत्रं कसबा पेठेत ठोकलेली आहेत, मीच ठोकलीत."

रविराजजींनी डोळे मिटले. बाळकाकांना वाटलं, आटोपला खेळ. पण रविराजजींनी डोळे उघडले ते पाणावलेले होते.

"मित्रांनो, दर्शन घ्या! बाराशे वर्षांनी ज्या हातांत महायंत्र पुन्हा उतरलं, ते हात हेच! यांना स्वतःलाही कल्पना नाही, किती निरागस आहेत बघा!"

मग काय विचारता. हिंमतराव सगळ्यांच्या पुढे. "माफी करा देवा, वळखलंच न्हाय! इतकं मोठं मानूस आपल्या मांडवात हाय आन् आमी आंधळं!" त्यांच्यामागे रांग लागली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणाने बाळकाकांचा अंगठाच धरला. "काका, माझं अमेरिकेचं ऑनसाइट क्लिअर होईल ना?"

"अहो, पाय सोडा! मी तांबट आहे हो! पाय सोडा!" बाळकाका ओरडत होते, आणि ते जितकं ओरडत होते तितकी लोकांची श्रद्धा वाढत होती.

"खरं बोलून देव झालेला माणूस पहिल्यांदाच बघितला," असं म्हणत प्रेमलाबाई गर्दीतून वर आल्या आणि त्यांनी माइक उचलला. शाळेतला तो आवाज ऐकून रांग आपोआप खाली बसली. "मी ऋतिकाची शिक्षिका. गुरुजी, गोटा खाली काय आहे ते ओळखतो, बरोबर?"

"गोटा नाही, चेतना ओळखते."

"चालेल, चेतना. मग खालची वस्तू फडक्याने झाकली तर?"

"कापडाने लहरींना अडथळा..."

"हे तुमचंच लाल फडकं आहे. यात गुंडाळूनच तुम्ही यंत्र देता आणि उशीखाली ठेवायला सांगता. न्यू जर्सीपर्यंत जाणारी लहर एवढ्या फडक्यात अडकते?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. रविराजजींनी काही बोलायच्या आत ऋतिकाच पुढे झाली. "मी करते, मॅडम. बघाच तुम्ही." तिच्या आवाजात जराही शंका नव्हती.

बाईंनी पाठ फिरवून चौरंगावर काहीतरी ठेवलं, वर लाल फडकं पसरलं. "ऋतिका, खाली महायंत्र आहे."

गोटा थरथरला, डुलला आणि छान गोल फिरू लागला. टाळ्या पडल्या. बाईंनी फडकं उचललं. खाली पाण्याच्या पिंपावरची झाकणी होती.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

"आता झाकणी काढली. कोरी चकती ठेवली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा फडकं घातलं. गोटा पुढेमागे झुलू लागला. सरळ, शिस्तीत. बाईंनी फडकं उचललं. सहा पाकळ्यांचं फूल, फटीसकट.

"मी हलवलं नाही, मॅडम!" ऋतिकाचा आवाज चिरकला. "शप्पथ!"

"माहीत आहे मला. तू खोटं बोलणाऱ्यातली नाहीस." बाई पहिल्यांदाच मऊ बोलल्या. "आधी तुला खोटं सांगितलं ते मीच, त्याबद्दल माफ कर. मनात 'आता गोल फिरणार' असं आलं की बोटांना ते कळतं. ती इतकी बारीक हलतात की आपल्याला पत्ता लागत नाही. लांब दोरा तेवढीशी हालचाल मोठी करून दाखवतो. खाली फूल आहे की झाकणी, गोट्याला काही समजत नाही. तुला काय वाटतंय तेवढं त्याच्यापर्यंत पोचतं. घरी जाऊन कोणीही करून बघा. दोरा, बटण आणि डोळ्यांवर पट्टी, एवढं सामान पुरतं."

रविराजजी नकारात्मक लहरींबद्दल बोलू लागले, पण मंडपात आधीच तीन-चार जणांनी ओळखपत्राच्या नाड्यांना किल्ल्या बांधून प्रयोग सुरू केले होते. काही झालं तरी ती इंजिनिअर मंडळी होती, टेस्टिंग करणं त्यांना कळत होतं.

"मग मला दीड महिना फिट आली नाही, ती?" ऋतिकाने विचारलं.

"गोळ्यांच्या आधी किती यायच्या?"

"वर्षाला दोन."

"म्हणजे दोन फिटांमध्ये किती दिवस जायचे?"

ऋतिका बोटांवर महिने मोजू लागली. पाच-सहा महिने जायचे, तेव्हा ना गोळी होती ना यंत्र. दीड महिन्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि त्या दीड महिन्यात आपण रोज कुठून कुठे स्कूटर चालवली, हे तिला एकेक वळणासकट आठवत असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. ती खाली बसली. बाळकाका तिच्याजवळ गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला.

"बाबा, ही तुमची चूक आहे हे तुम्ही मला मागच्या रविवारी सांगितलंत. माझ्या गोळ्यांचं कळल्यावर. दोन वर्षं माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर आज आला असतात इथे?"

माइक चालूच होता. सगळ्या मंडपाने प्रश्न ऐकला. बाळकाकांना खोटं बोलता आलं असतं.

"नसतो आलो," ते म्हणाले.

ऋतिकाने मान खाली घातली. बाळकाकांनी माइक उचलला.

"मला शिकलेल्यांसारखं बोलता येत नाही. पत्र्यावरची रेघ मला कळते. ती मी ओढली की उमटते, नाही ओढली की नाही उमटत. तिच्यात याशिवाय काही नाही, आणि असेल असं कोणी म्हणालं तर त्याला झाकून दाखवायला सांगा. नाही दाखवलं तर घरी जा. भिंतीवर लावायची तर लावा, दिसायला फूल चांगलंच आहे. पण माझ्या हातच्या तुकड्यावर भरवसा ठेवून ज्यांनी औषध सोडलंय, त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडे जा. मी हे दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आता एवढंच सांगा, कुणी कुणी सोडलंय?"

पहिला हात ऋतिकाने वर केला. तिच्यामागोमाग मधल्या रांगेतून एक, खांबाजवळून दोन. हिंमतरावांनी रविराजजींकडे न बघता टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात वर केला. "साकरेची व्हती. दोन म्हैनं झालं," ते म्हणाले. त्यानंतर मागच्या रांगांमधून हात येऊ लागले, आणि बाळकाका एकोणीसपर्यंत मोजून थांबले.

प्रेमलाबाईंनी पिशवीतून वही काढली आणि व्यासपीठावरून उतरून पहिल्या माणसासमोर बसल्या. "हं, सांगा. कुठली गोळी, आणि कधीपासून बंद आहे?"